दारवाल्याचं कार्ड

४ फेब्रुवारी

वहिनी, धाकूचा वाकून नमस्कार.

माझं पत्र पाहून दचकू नका. सगळे बरे आहेत, कुणाला काही झालेलं नाही. मला तुमच्याकडून चार ओळी लिहून हव्या आहेत, म्हणून हा उपद्व्याप.

आमचा कारखाना बंद झाल्याचं तुम्हाला कळलंच असेल. तीस वर्षं दारांच्या विभागात काढली. आता मी ठरवलंय की दुसऱ्याच्या हाताखाली जायचं नाही. घरोघर जाऊन दारं-खिडक्या दुरुस्त करायच्या. कपाटं नाहीत, पलंग नाहीत, नवं काहीच नाही. जे दार लागत नाही ते लागेल, जे उघडत नाही ते उघडेल, एवढंच.

तुमच्या जाऊबाईंना हे पटलेलं नाही. तिच्या भावाला गोदामाच्या फाटकावर माणूस हवाय. त्याने एक जुलैपर्यंत जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय आणि गणवेशसुद्धा शिवून पाठवलाय. तो आमच्या खोलीच्या दारामागे शिट्टीसकट टांगलेला आहे. सकाळी दार लावलं की समोर मीच उभा असल्यासारखं वाटतं, फक्त डोकं नसतं. आमच्यात असं ठरलंय की जूनअखेर रोज निदान एक काम मिळायला लागलं तर गणवेश परत, नाहीतर मी फाटकावर.

छापखानेवाला म्हणतो, आधी कार्ड छापा. त्यावर काय लिहायचं ते मला सुचत नाही. आजवर मी लिहिलेली सगळ्यात लांब गोष्ट म्हणजे हे पत्र. तुम्ही सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. लिहून द्याल ना?

धाकू


९ फेब्रुवारी

प्रिय धाकू,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा काळजीने आणि एकदा आनंदाने. फाटकावर तू? गाडी आली की तू आधी फाटकाच्या बिजागऱ्या बघत बसशील आणि गाडी बाहेरच राहील.

मी या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. माझ्या ट्रंकेची कडी सैल आहे हे तुझ्याच लक्षात आलं होतं. कुणाला न विचारता तू ती खिळे ठोकून पक्की केलीस. इतकी पक्की, की पुढे ट्रंक कधी उघडलीच नाही. तुझ्या दादाने मागून पत्रा कापला तेव्हा माझ्या साड्या बाहेर आल्या. तुझा हात पुढे सुधारला, पण कळकळ पहिल्यापासून तीच. ती कार्डावर उतरायला हवी, असं मनात धरून मजकूर केला आहे:

'सर्व सुजाण गृहस्थ व गृहिणींस सविनय निवेदन. दार हे घराचे मुख व खिडकी हे त्याचे नेत्र होत. काळाच्या ओघात त्यांस येणारी शिथिलता, कर्कशता व अडेलपणा दूर करण्याचे कार्य आम्ही तीस वर्षांच्या साधनेने आत्मसात केले आहे. आपले द्वार आमच्यासाठी एकदा उघडावे (उघडत नसल्यास कळवावे), ही नम्र प्रार्थना.'

कंसातला विनोद माझा आहे. जड वाटला तर काढ.

तुझी वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

मजकूर फार सुंदर आहे. मी तो घडी करून जपून ठेवला आहे.

पण छापखानेवाला म्हणाला, एवढं बसवायचं तर अक्षरं मोहरीएवढी होतील आणि प्रत्येक कार्डासोबत भिंग द्यावं लागेल. तरी मी एक नमुना काढून घेतला आणि हिला दाखवला. तिने तो हात लांब करून धरला, 'नेत्र'पर्यंत वाचलं आणि म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरचं आहे का? मला दाखवायचंच आहे."

छापखानेवाल्याच्या मते कार्डावर हस्तांदोलन करणारे दोन हात आणि कोपऱ्यात गुलाबाचं फूल हवं. मी विचारलं, गुलाबाचा नि दाराचा काय संबंध? तो म्हणाला, संबंध नाही, पण माझ्याकडे ठसा आहे.

वहिनी, मला जे रोज दिसतं ते सांगतो. ज्याचं दार अडकलंय तो माणूस बाहेर उभा असतो. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली, चष्मा घरात राहिलेला. तो आधीच चिडलेला असतो. त्याला सविनय निवेदन नको असतं. त्याला फक्त कुणाला बोलवायचं ते दिसायला हवं असतं.

रागावू नका.

धाकू


२२ फेब्रुवारी

प्रिय धाकू,

रागावले होते. परवा दुपारपर्यंत.

मग दुपारी जुनी वही काढली. आमच्या सुलेखनाच्या सिस्टर फार उंच होत्या आणि फार हळू बोलायच्या. मी पान गच्च भरून दाखवलं की त्या पानाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवायच्या. "इथे वाचणाऱ्याला उभं राहायला जागा कुठे आहे?" असं विचारायच्या. मी नऊ वर्षांची होते. तेव्हा पुढल्या पानावर मोठा समास सोडला होता, आणि पन्नास वर्षांनी तो धडा तुझ्या कार्डावर विसरले.

म्हणून आता फक्त एवढंच छाप:

'दारवाले
लागत नसेल तर लागेल.
उघडत नसेल तर उघडेल.'

आणि खाली फोन नंबर, दाराबाहेर चष्म्याशिवाय उभ्या असलेल्या माणसाला दिसेल एवढा मोठा. मधल्या दोन ओळी माझ्या नाहीत. तुझ्याच पहिल्या पत्रातल्या आहेत. तुला लिहिता येत नाही असं पुन्हा म्हणू नकोस. नाव नको, सगळी गल्ली तुला दारवालेच म्हणते ना? गुलाब तर मुळीच नको.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे, ती म्हणजे कागद. पातळ कार्ड खिशात दोन दिवसांत मरगळतं आणि तिसऱ्या दिवशी धुण्यात जातं. आमच्या शाळेचं प्रगतिपुस्तक असं जाड पुठ्ठ्याचं असायचं की माझं अजून कपाटात ताठ उभं आहे, गणितातल्या गुणांसकट. छापखानेवाल्याला सांग, तसला पुठ्ठा हवा. बोटाने वाकता कामा नये.

वहिनी


२० मार्च

वहिनी, नमस्कार.

कार्डं आली. सोबत एक पाठवतोय. पुठ्ठा तुम्ही सांगितला तसाच, वह्यांच्या बांधणीचा. पाचशे कापताना छापखानेवाल्याचं पातं दोनदा बोथट झालं. तो म्हणाला, "हे कार्ड आहे की फरशी?" वरच्या खिशात दहा ठेवली की सदरा एका बाजूला ओढला जातो.

पण लोकांना फार आवडतं. हातात घेतात, वाकवून बघतात, वाकलं नाही की मान डोलावतात. दंतवैद्य, गाणं शिकवणाऱ्या बाई, कोपऱ्यावरचा शिंपी, सगळ्यांना दिली. शंभर संपलीसुद्धा.

दादाच्या खोलीचं दार अजून खडखडतं का? मोकळा आहे तोवर येऊन बघून जाऊ का?

धाकू


२८ मार्च

प्रिय धाकू,

शंभर संपली! मी शेजारणीला सांगितलं, वाचनालयात सांगितलं, बँकेतल्या मुलीला ती न विचारताच सांगितलं. कार्ड मी सगळ्यांना हातात धरायला दिलं. समास बघून सिस्टर खूश झाल्या असत्या.

दाराचं राहू दे. तुझी आठवण बरोबर आहे, अजून खडखडतं. चौकटीत सैल झालंय, जरा वारा आला की हलतं. तुझा दादा खोलीतून बाहेर येताना आधी कडी दोनदा हलवायचा, तसाच आवाज येतो. दोन वर्षं झाली तरी आवाज आला की मी हातातलं काम ठेवून वर बघते. कुणी येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दुरुस्त करू नकोस.

तू तुझ्या गिऱ्हाइकांकडे बघ.

वहिनी


२१ एप्रिल

धाकू,

तीन आठवडे पत्र नाही. मी तुला मुद्दाम साधं पोस्टकार्ड टाकते आहे, म्हणजे उत्तर पण लहानच द्यावं लागेल. कार्डं किती गेली ते विचारत नाही. कामं किती आली?

वहिनी


२ मे

वहिनी, नमस्कार.

कार्डं दोनशे दहा गेली. कामं चार आली, त्यातलं एक सासऱ्यांचं.

फोन मात्र रोज येतात. परवा गाण्याच्या बाईंचा आला. "दारवाले ना? तुमचं कार्ड फारच छान आहे हो. अजून तीन मिळतील का?" मला वाटलं, मैत्रिणींना द्यायची असतील. स्वतः नेऊन दिली. बाईंनी माझ्यादेखत एक कार्ड घेतलं, दार लोटलं आणि कार्ड दार नि चौकट यांच्या फटीत दाबून बसवलं. मग दार हलवून दाखवलं. आवाज नाही. म्हणाल्या, "बघा! दोन वर्षं खडखडत होतं. आता स्वयंपाकघराचं आणि माडीचं राहिलं."

मी तसाच दंतवैद्यांकडे गेलो. त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या दारात माझं कार्ड. अक्षरं बाहेर, नंबर दिसतोय, अगदी डोळ्यांसमोर. डॉक्टर म्हणाले, "उत्तम इलाज आहे तुमचा. एकदाच बसवलं, पुन्हा तुम्हाला बोलवायची गरज नाही." शिंप्याने तर कातरकामाच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातलंय, म्हणजे तो तर दाराचाही प्रश्न नाही.

वहिनी, ज्या कामासाठी मला बोलवायचं ते काम माझं कार्डच करून टाकतंय. तेही फुकट. आणि खोटं कशाला बोलू, बऱ्यापैकी करतंय.

हे तुम्हाला कसं सांगावं ते कळेना, म्हणून लिहिलं नव्हतं.

धाकू


९ मे

प्रिय धाकू,

आधी मी हसले, इतकी की शेजारीण भिंतीपलीकडून "काय झालं?" म्हणाली. मग मी तुझ्या गणवेशाचा विचार केला आणि हसू गेलं.

दोष माझा आहे. तू गरीब बिचारा पातळ कागदावर गुलाब छापून सुखी झाला असतास. मीच प्रगतिपुस्तक काढलं. उरलेली कार्डं फेकून दे आणि नवी छाप, इतकी पातळ की फुंकर मारली तर उडतील. छपाई माझ्याकडून. नाही म्हणू नकोस.

वहिनी


१८ मे

वहिनी, नमस्कार.

नाही म्हणतोय.

कार्ड चांगलं आहे. लोकांना हवं आहे. मी मागेल त्याला देतो. तीस वर्षांत माझ्या हातून निघालेली एखादी वस्तू लोकांनी अशी मागून नेलेली मला आठवत नाही.

फक्त देताना प्रत्येकाला एक सांगतो. आत्ता हवा कोरडी आहे, लाकूड आकसलंय, म्हणून फट आहे. हवा दमट झाली की लाकूड फुगतं. तेव्हा फट राहत नाही. त्याआधी कार्ड काढून ठेवा, नाहीतर दार आवळून बसेल. सगळे हो म्हणतात. दंतवैद्यसुद्धा. त्यांना लोक जसे 'रोज दोनदा दात घासतो' म्हणतात, अगदी तसंच ते मला हो म्हणाले.

काल हिने गणवेश घालून बघायला लावला. टोपी कानांवर येते. मेहुणा म्हणाला, "कानांवर येते तेच बरं, उन्हाचा त्रास नाही." घरात सगळे हसले, मीही हसलो. शिट्टी मात्र चांगली आहे, पितळेची.

धाकू


१२ जून

प्रिय धाकू,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं.

तू फाटकावर गेलास तर त्यात काही कमीपणा नाही, हे तुला सांगायचं आहे. तुझी बायको वाईट नाही. तिला महिन्याच्या शेवटी घर शांत हवंय, इतकंच. तुझा दादा तीस वर्षं एकाच टेबलाशी बसला. त्यालाही सतार शिकायची होती. त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही, मला नंतर कपाटात तारा सापडल्या. म्हणून मला वाटायचं, या घरातल्या एकाने तरी मनासारखं करावं. त्या हट्टापायी मी तुझ्यावर पुठ्ठा लादला.

आणि आता एक कबुली. तू पाठवलेलं कार्ड मी दादाच्या दारात बसवलं. गाण्याच्या बाई खरं सांगत होत्या का, एवढंच बघायचं होतं. खरं आहे. अजिबात आवाज येत नाही. पहिल्या दुपारी फार बरं वाटलं, पुस्तक सलग वाचून झालं. दुसऱ्या दुपारपासून मी पुस्तक उघडते आणि ऐकत बसते.

काढीन एक-दोन दिवसांत.

वहिनी


२४ जून

वहिनी, घाईत आहे.

सोमवारपासून हवा बदलली. भिंतींना ओल, मीठ पाणी सोडतंय, सगळं दमट. मंगळवारी सकाळी सातला पहिला फोन आला. गाण्याच्या बाई स्वयंपाकघरात अडकल्या होत्या. त्यांच्याकडून निघतोय तोवर दंतवैद्य. बाहेरच्या खोलीत पाच पेशंट आणि आत डॉक्टर, मधलं दार घट्ट. पाचांपैकी दोघे म्हणे खूश होते. मी दार मोकळं केलं तेव्हा ते दोघे पळाले.

वहिनी, सगळीकडे एकच. माणूस दाराशी झगडतो, दमतो, आणि नाकासमोर बघतो तर माझं कार्ड. 'उघडत नसेल तर उघडेल.' खाली नंबर, चष्म्याशिवाय दिसेल एवढा. कपाटात ठेवलं असतं तर कुणाला सापडलं नसतं. मी आल्यावर आधी सगळे शिव्या घालतात, "तुमच्याच कार्डाने घोटाळा केला." मी म्हणतो, मी सांगितलं होतं. मग ते म्हणतात, "आता आलाच आहात तर नीटच करून टाका." मग मी दार उतरवतो, बिजागऱ्या बघतो, रंधा मारतो, पुन्हा कार्ड लागणार नाही असं करून देतो. तीन दिवसांत एकोणीस दारं. पुढल्या आठवड्याची यादी ही लिहून घेतेय. फोनवर ती "दारवाल्यांच्या घरून बोलतेय" असं इतक्या रुबाबात म्हणते की मला वाटतं हिचाच कारखाना आहे.

गणवेश काल तिनेच इस्त्री करून भावाला परत पाठवला. शिट्टी मात्र मी ठेवून घेतली. पोचलो की बाहेरून वाजवतो, म्हणजे आत अडकलेल्याला धीर येतो.

महत्त्वाचं शेवटी लिहितोय. दादाच्या दारातलं कार्ड हे पत्र वाचताक्षणी काढा. आणि काढल्याशिवाय दार आतून लावू नका.

धाकू


२७ जून

प्रिय धाकू,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने शेजारणीकडे दिलं आणि तिने ते मला खिडकीच्या गजांतून दिलं, कारण मी दादाच्या खोलीत अडकलेली आहे.

सकाळी कपाट आवरायला आत आले आणि सवयीने दार ओढून घेतलं. आता ते माझ्याशी बोलत नाही. कार्ड चिमट्याने ओढलं तर त्याचा फक्त कोपरा हातात आला. पुठ्ठा फारच चांगला आहे. फोन स्वयंपाकघरात राहिला. मी कार्डावरचा नंबर खिडकीतून मोठ्याने वाचला आणि शेजारणीने तुला फोन केला. चष्मा लागला नाही, हे मुद्दाम सांगते. तुझी बायको म्हणाली म्हणे, "यादीत सव्विसाव्या आहात, पण घरचं माणूस म्हणून पहिल्या घेते." तू बसमध्ये आहेस असं कळलं. तीन तास.

शेजारीण म्हणाली, "समोरच्या गल्लीतल्या सुताराला बोलावू का? पाच मिनिटांत येईल." मी म्हटलं, घरचा सुतार असताना? ती म्हणाली, "घरचा तीन तास लांब आहे." मी म्हटलं, मला घाई नाही. तिने मला गजांतून चहा दिला, मग दोन बिस्किटं, मग सल्ला. चहा चांगला होता.

खरंच घाई नाही. दोन वर्षांत मी या खोलीत एवढा वेळ कधी बसले नव्हते. झाडायला यायचे आणि जायचे. आज त्याच्या खुर्चीत बसून तुझं पत्र वाचलं, एकोणीस दारं त्याला मोठ्याने वाचून दाखवली. दंतवैद्याच्या पेशंटांना तो फार हसला असता. तुझा दादा तुला कधी शाबास म्हणाला नाही, त्याला जमायचं नाही ते. पण तू अकरा वर्षांचा असताना ठोकलेले ते ट्रंकेचे खिळे त्याने नंतर उपटून ठेवले होते, फेकले नव्हते. आत्ता कपाटात मिळाले, चारही, सतारीच्या तारांच्या मागे. एका पुडीत आहेत आणि पुडीवर त्याच्या अक्षरात लिहिलंय, 'धाकूचं पहिलं काम'.

तू आलास की देते. आता थांबते. रस्त्यावर कुणीतरी शिट्टी वाजवतंय.

वहिनी


(दाराखालून आत सरकवलेल्या कार्डाच्या मागे, पेन्सिलने)

वहिनी, आलोय. दारापासून तीन पावलं मागे व्हा. कडेने रंधा मारावा लागेल. आधी एक सांगा. थोडा मारला तर दार उघडेल, पण हवा कोरडी झाली की पुन्हा खडखडेल. बिजागऱ्यांसकट नीट बसवलं तर कायमचं गप्प होईल. कसं करू?


(तेच कार्ड, दाराखालून परत, खाली, शाईने, मोठा समास सोडून)

थोडाच मार.